रेम्युएराचा ब्रूस आणि रेसट्रॅकचं बिल

ऑकलंडच्या दक्षिणेला, गाडीनं पाऊण तासावर, पुकेकोहे नावाचं गाव आहे. ज्वालामुखीची लाल माती आणि नजर जाईल तिथवर कांदा-बटाट्याची शेती. ऑकलंडमधल्या मराठी घरांत पोह्यांना पडणारा कांदा बहुतेक वेळा याच मातीतला असतो. गेल्या उन्हाळ्यात (म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, तुमच्याकडे तेव्हा थंडी) आप्पा आले होते. आमचं गाव मंचरजवळ. मंचरच्या बाजारात आयुष्यभर बटाटा विकलेल्या माणसाला पुकेकोहे दाखवायचं नाही तर काय दाखवायचं? त्यांनी बांधावर उभं राहून ढेकूळ हातात चुरडून पाहिलं, मान डोलावली आणि मग शेजारच्या मोठ्या मोकळ्या आवाराकडे बोट दाखवून ते काय आहे म्हणून विचारलं.

ते पुकेकोहे पार्क. तिथं घोड्यांच्या शर्यती होतात, आणि 1963 पासून तिथंच मोटारींच्या शर्यतीही व्हायच्या. एप्रिल 2023 मध्ये मोटारींच्या शर्यती कायमच्या बंद झाल्या. जागा घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, आणि तिला ती घोड्यांसाठीच हवी होती. 60 वर्षांचा ट्रॅक एका शनिवार-रविवारात इतिहासजमा झाला. मोठमोठी माणसं डोळे पुसत घरी गेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तौपोला गेलो. तिथला ट्रॅक अजून चालू आहे. ऑस्ट्रेलियाची मोठी सुपरकार मालिका पुकेकोहे बंद झाल्यावर 2024 पासून तिकडे गेली. प्रेक्षकांच्या बाजूला उंच जाळी, तिच्यापुढे काँक्रीटचा कठडा, वळणाबाहेर खडीचं मैदान, त्यापलीकडे टायरच्या राशी. आप्पांनी सगळं नीट बघून घेतलं आणि व्यापाऱ्याला शोभेल असा प्रश्न विचारला. गाड्या डांबरावर पळतात, मग डांबरापेक्षा जास्त पैसा डांबराच्या बाहेर का घातलाय?

प्रश्न अगदी बरोबर होता. रेसट्रॅकच्या नूतनीकरणाची बातमी आली की इथंही हाच वाद होतो. एवढे डॉलर कशाला, कुणाच्या खिशातून, आणि वर्षातून किती दिवसांसाठी? त्याचं उत्तर मी आप्पांना आकड्यांत देऊ शकलो नाही. मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथं सांगतोय.

ब्रूस मॅकलॅरनचा जन्म 30 ऑगस्ट 1937 चा, ऑकलंडचा. वडील लेस यांचं रेम्युएरा रोडवर गॅरेज आणि पेट्रोलपंप. आज रेम्युएरा म्हटलं की ऑकलंडकरांच्या डोळ्यांसमोर महागडी घरं येतात, पण मॅकलॅरन कुटुंबाचं जग म्हणजे ग्रीस, पाने आणि उघडी बॉनेट. ब्रूस त्यातच वाढला. आपल्याकडे किराणा दुकानदाराचं पोर जसं अक्षरओळखीआधी वजनं ओळखायला लागतं, तसं त्याला इंजिनाचं झालं.

नऊ वर्षांचा असताना त्याच्या खुब्यात पर्थीझ नावाचा आजार निघाला. यात मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्तपुरवठा नीट होत नाही आणि हाड ठिसूळ होतं. त्या काळी उपाय एकच, पायावर भार द्यायचा नाही. ताकापुनाच्या किनाऱ्यावर मुलांसाठी विल्सन होम नावाची संस्था होती, तिथं जवळपास दोन वर्षं हे पोर चौकटीला बांधलेल्या अवस्थेत पडून होतं. पुन्हा चालायला लागलं तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला होता. थोडं लंगडणं जन्मभर सोबत आलं.

वडिलांनी एक जुनी, खिळखिळी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर घेऊन ती उभी केली. 1952 मध्ये, चौदा-पंधराच्या वयात, ब्रूस ती घेऊन मुरिवायच्या चढावरच्या शर्यतीत उतरला. चढावर एकेकानं गाडी पळवायची आणि घड्याळ लावायचं, असा तो प्रकार. हे ऐकून आप्पा एकदम सावरून बसले, कारण आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचा घाटही चढाचाच, आणि तिथंही एकेक गाडा सोडून सेकंद मोजतात.

पुढे ब्रूस ऑकलंड विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला. विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज त्या काळी आर्डमोरला होतं, दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या विमानतळाच्या जुन्या इमारतींत. आणि याच आर्डमोरच्या धावपट्ट्यांवर 1954 पासून न्यूझीलंड ग्रांप्री होऊ लागली होती.

रेसट्रॅकच्या हिशेबात ही धावपट्टी महत्त्वाची आहे. महायुद्ध संपलं तेव्हा जगभर सपाट, रुंद, पक्के विमानतळ ओस पडले होते. नवा ट्रॅक बांधायचा म्हणजे जमीन, भराव, निचरा, डांबर, सगळाच खर्च. इथं तो युद्धाच्या खात्यातून आधीच झालेला! इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन असंच, अमेरिकेतलं सेब्रिंग असंच, आपल्या चेन्नईजवळचं शोलावरमही असंच. कडेला गवताच्या पेंढ्या नाहीतर रिकामी पिंपं ठेवली, दोर बांधला, तिकिटं फाडली की झाली शर्यत. मोटार रेसिंगची ती पिढी फुकट मिळालेल्या डांबरावर वाढली. फुकट मिळालेल्या वस्तूच्या देखभालीची तरतूद कुणी करत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

1958 मध्ये न्यूझीलंडच्या ग्रांप्री संघटनेनं एका होतकरू चालकाला युरोपला पाठवायची योजना काढली आणि पहिली निवड ब्रूसची झाली. वय वीस. पदवी अर्धवट राहिली. ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबमनं त्याला हाताशी धरलं आणि तो इंग्लंडमध्ये कूपर कंपनीत पोहोचला. त्याच वर्षी जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या अवघड डोंगरी रस्त्यावर तो धाकट्या वर्गाची गाडी घेऊन मोठ्यांच्या शर्यतीत पाचवा आला, आणि सगळ्यांनी या लंगडत चालणाऱ्या, हसऱ्या मुलाकडे वळून पाहिलं.

12 डिसेंबर 1959 ला सेब्रिंगला हंगामाची शेवटची शर्यत होती. ब्रॅबम पुढे, ब्रूस मागे. शेवटच्या फेरीत ब्रॅबमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं आणि ब्रूस पुढे निघून जिंकला. 22 वर्षं आणि 104 दिवस! फॉर्म्युला वनच्या ग्रांप्रीतला सर्वांत तरुण विजेता हा त्याचा विक्रम 2003 मध्ये फर्नांडो अलोन्सोनं मोडेपर्यंत टिकला. ब्रॅबमनं गाडी ढकलत ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. पुढच्याच शर्यतीत, फेब्रुवारी 1960 मध्ये अर्जेंटिनात, ब्रूस पुन्हा जिंकला. त्या वर्षीच्या गुणतक्त्यात तो ब्रॅबमच्या खालोखाल दुसरा होता. 1962 मध्ये त्यानं मोनॅकोही जिंकलं.

पण ब्रूस नुसता गाडी चालवणारा नव्हता. गाडी अशी का वागते, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नसे. 1963 मध्ये त्यानं स्वतःची छोटी कंपनी काढली. तिच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. नव्या गाडीची चाचणी चालू होती आणि पुढच्या भागावरची एक छोटी झडप वेग वाढला की फडफडायला लागे. खरं तर वाऱ्यानं ती घट्ट दाबली जायला हवी. ब्रूसच्या लक्षात आलं की रेडिएटरमधून आत शिरलेली हवा बाहेर पडायला वाट शोधतेय आणि गाडीचं नाक उचलतेय. गाडी आत येताच त्यानं पत्रा कापायची कात्री घेतली, रेडिएटरमागचा पत्रा सरळ कापून काढला आणि स्वतः गाडी घेऊन निघाला. वेळ कमी झाली. अशी भोकं पुढे शर्यतीच्या गाड्यांवर सर्रास दिसू लागली.

1964 च्या सुरुवातीला तो मायदेशी आला आणि पुकेकोहेला, म्हणजे आप्पांनी बोट दाखवलेल्या त्याच आवारात, न्यूझीलंड ग्रांप्री जिंकला. ट्रॅक तेव्हा एक वर्षाचा होता. त्याच दौऱ्यात टास्मानियातल्या लाँगफर्डला त्याच्या संघातला तरुण अमेरिकन चालक टिमी मेयर सरावात मरण पावला. लाँगफर्ड म्हणजे गावचे नेहमीचे रस्ते, कडेला झाडं, पूल, कुंपणं. गाडी उंचवट्यावरून उडाली आणि झाडावर गेली. मालिकेचं विजेतेपद ब्रूसला मिळालं, पण मित्र गेला. टिमीवर त्यानं जे लिहिलं ते पुढे त्याच्याच आयुष्याला लागू पडलं, म्हणून आजही वाचलं जातं. टिमीचा भाऊ टेडी ब्रूसचा भागीदार झाला.

आता ट्रॅकच्या बाजूनं बघू. ब्रूस आणि त्याच्यासारखी माणसं दरवर्षी गाडी थोडी हलकी, थोडी ताकदवान, थोडी रस्त्याला चिकटून राहणारी करत होती. टायर रुंद झाले. 1968 मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांना पंख लागले, म्हणजे विमानाचे पंख उलटे बसवले, जेणेकरून हवा गाडीला खाली दाबेल. शाळेतलं गणित आठवा. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. 100 च्या वेगाला थांबायला जेवढी जागा लागायची, तिच्या चौपट जागा 200 च्या वेगाला लागते. गाडी दरवर्षी नवी निघते, ट्रॅक मात्र तोच. झाड तिथंच, चर तिथंच, दगडी भिंत तिथंच. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर या गणितात आहे. डांबर फक्त गाडी पळवतं. चूक झाली की तिला थांबवायचं काम डांबराबाहेरच्या जागेला करावं लागतं, आणि ती जागा विकत घ्यावी लागते.

हे शहाणपण जगाला आधी आलं नव्हतं असं नाही, पण ते बहुतेक वेळा प्रेतं मोजल्यावर येई. 1955 मध्ये फ्रान्समधल्या ल मॉं इथं एक गाडी उडून तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि 80 हून अधिक माणसं मेली. त्यानंतर तिथला समोरचा भाग आणि प्रेक्षागृह पाडून, रस्ता रुंद करून सगळं नव्यानं बांधलं. पैसा तेव्हा मिळाला. 1966 मध्ये याच ल मॉंची 24 तासांची शर्यत ब्रूसनं आपला देशबांधव ख्रिस एमन याच्याबरोबर फोर्ड गाडीतून जिंकली. न्यूझीलंडची दोन पोरं आणि जगातली सर्वांत मोठी शर्यत! इथल्या माणसांना त्याचं अप्रूप अजून आहे.

त्याच वर्षी ब्रूसनं स्वतःच्या नावाची गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. त्याच जूनमध्ये बेल्जियमच्या स्पा इथं पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी घसरली. अंगावर पेट्रोल गळत असताना तो बराच वेळ आत अडकून पडला आणि सोडवायला पाना एका प्रेक्षकाच्या गाडीतून आणावा लागला. तिथून स्टुअर्टनं सुरक्षेचा ध्यास घेतला. कठडे लावा, झाडं काढा, डॉक्टर ठेवा, अग्निशामक ठेवा. ट्रॅकवाले वैतागले, काही जुने खेळाडूही त्याला भित्रा म्हणू लागले. एप्रिल 1968 मध्ये जर्मनीत हॉकेनहाइमच्या झाडीत गाडी शिरून जिम क्लार्क गेला. त्या काळातला तो सर्वांत कसलेला चालक. त्याचं असं होतं तर बाकीच्यांचं काय?

दोनच महिन्यांनी, 9 जून 1968 ला, त्याच स्पाच्या 14 किलोमीटरच्या रस्त्यावर ब्रूस जिंकला. स्टुअर्टचं पेट्रोल शेवटी संपलं आणि ब्रूसला आपण जिंकलोय हे गाडीतून उतरल्यावर कळलं. स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रांप्री जिंकायची करामत त्याच्याआधी फक्त मोजक्यांना जमली होती. पण त्याला पुढच्या वर्षी तिथं परत जाता आलं नाही. चालकांनी ट्रॅकमध्ये सुधारणा मागितल्या, मालकांनी त्यासाठी खर्च करायला नकार दिला आणि 1969 ची स्पाची शर्यत रद्दच झाली.

इकडे ब्रूसचा संघ मात्र जोरात होता. अमेरिका-कॅनडातल्या कॅन-ॲम मालिकेत नारिंगी रंगाच्या मॅकलॅरन गाड्यांनी सगळ्यांची झोप उडवली. पिकलेल्या पपईचा तो रंग. 1969 मध्ये अकरापैकी अकरा शर्यती त्यांच्याच. सहा ब्रूसच्या, पाच डेनी हल्मच्या. डेनीही न्यूझीलंडचाच, 1967 चा जगज्जेता. बक्षिसाचा पैसा तिथूनच यायचा आणि त्यावर संघ चालायचा.

आता गुडवुडकडे. इंग्लंडच्या दक्षिणेला एका सरदार घराण्याची मोठी इस्टेट आहे. युद्धात तिच्या एका भागात लढाऊ विमानांचा तळ होता, त्याभोवती फिरणारा रस्ता होता. सप्टेंबर 1948 मध्ये जमिनीचे मालक ड्यूक ऑफ रिचमंड यांनी त्या रस्त्यावर शर्यती सुरू केल्या. सुमारे 3.8 किलोमीटरचा, वेगवान, देखणा ट्रॅक. स्टर्लिंग मॉसची कारकीर्द 1962 मध्ये इथंच एका अपघातानं संपली. 1966 येईपर्यंत गाड्या फार वेगवान झाल्या होत्या. ट्रॅक बदलायचा, वेग मोडायला आणखी वळणं घालायची, नाहीतर थांबायचं. मालकांनी थांबायचं ठरवलं. जुलै 1966 नंतर शर्यती बंद.

त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. खर्च करायचा नाही तर धंदा बंद करायचा, याला प्रामाणिकपणाच म्हणायला हवं. पण बंद झाल्या त्या फक्त शर्यती. डांबर होतं तिथंच होतं, आणि गाड्यांच्या चाचण्यांसाठी ते वापरायला मिळत होतं. शर्यत नाही म्हणजे प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत म्हणजे धोका कमी, असं कुणालाही वाटावं. पूर्वी शर्यतीत झेंडे दाखवणारी माणसं ज्याच्या आडोशाला उभी राहायची, ते एक पक्कं ठाणं लॅव्हंट नावाच्या सरळ रस्त्याच्या कडेला तसंच उभं होतं. माणसाला वाचवायला बांधलेलं, आता कुणाच्याच कामाचं नसलेलं.

मंगळवार, 2 जून 1970. ब्रूस त्या वर्षीच्या नव्या कॅन-ॲम गाडीची चाचणी घेत होता. खरं तर डेनीही असता, पण मे महिन्यात अमेरिकेत इंडियानापोलिसच्या सरावात त्याचे हात भाजले होते. लॅव्हंटच्या सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात गाडीचा मागचा पत्रा सुटून उडाला. तो पत्राच गाडीला रस्त्यावर दाबून धरत होता. तो गेला आणि मागची चाकं हलकी झाली. गाडी गिरकी घेत रस्त्याबाहेर गेली आणि त्या ठाण्यावर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय 32. मागे पत्नी पॅटी आणि चार वर्षांची लेक अमांडा.

ज्या माणसानं एका फडफडणाऱ्या झडपेवरून हवेचं वागणं ओळखलं, त्याला एका पत्र्यानं दगा दिला. यंत्र आहे, कधीतरी सुटणारच. माझ्या धंद्यातही तेच. प्रोग्राम कधीतरी कोसळणार हे धरूनच आम्ही काम करतो. खरा प्रश्न असतो तो कोसळल्यावर काय होतं याचा. ब्रूसच्या बाबतीत त्या क्षणी बाहेर मोकळी जागा असती, खडी असती, टायरची रास असती, तर काय झालं असतं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते ठाणं तिथं नसतं तर गाडी त्यावर आदळली नसती, एवढं नक्की. ते पाडायला फार मोठा पैसा लागला नसता. बंद पडलेल्या जागेवर कोण खर्च करतो, एवढाच मुद्दा होता.

दुसऱ्या दिवशी टेडी मेयरनं कामगारांना सुट्टी दिली होती. तरी सगळे कामावर आले. बारा दिवसांनी कॅनडातल्या मोस्पोर्टला संघ शर्यतीत उतरला. डेनी जखमी हातांनी धावला आणि ब्रूसच्या जागी घेतलेल्या डॅन गर्नीनं शर्यत जिंकली. ब्रूसला ऑकलंडला आणून वायकुमेते स्मशानभूमीत ठेवलं. संघ मात्र थांबला नाही. 1974 मध्ये त्यानं फॉर्म्युला वनचं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि 2024 मध्ये तो पुन्हा सर्वोत्तम संघ ठरला. आज जगात मॅकलॅरन म्हटलं की लोकांना कोट्यवधींची गाडी आठवते, रेम्युएरा रोडचं गॅरेज नाही.

पुढे ट्रॅकचं काय झालं? स्पाचा जुना रस्ता 1970 नंतर फॉर्म्युला वननं सोडला, आणि 1983 मध्ये निम्म्या लांबीचा, सुधारलेला स्पा परत आला. गुडवुडला 1998 मध्ये, बरोबर 50 वर्षांनी, त्याच घराण्यातल्या नातवानं जुनं रूप राखून शर्यती पुन्हा सुरू केल्या. आणि जगभर नियम पक्के झाले. आज आंतरराष्ट्रीय शर्यत घ्यायची तर ट्रॅकला श्रेणी लागते. पहिल्या श्रेणीसाठी नवा ट्रॅक किमान 12 मीटर रुंद, सुरुवातीच्या रेषेपाशी 15 मीटर. शिवाय वळणांबाहेर मोकळी जागा, कठडे, जाळ्या, दवाखाना, हेलिकॉप्टर उतरायची सोय. परवाना कायमचा नसतो, साधारण तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. म्हणजे हा खर्च एकदा करून सुटका नाही. घराच्या पावसाळी डागडुजीसारखा तो परत परत येतो.

मग पैसे कोण भरणार, हा वाद उरतोच आणि तो खोटा नाही. इथल्या हॅमिल्टन शहरानं 2008 पासून शहराच्या रस्त्यांवर सुपरकारची शर्यत भरवली. दरवर्षी कठडे उभे करा, काढा. करदात्यांचे कोट्यवधी डॉलर गेले आणि 2012 नंतर तो उद्योग बंद झाला. पुकेकोहेला 2013 मध्ये मोठी शर्यत परत आणताना मागच्या सरळ रस्त्यावर वेग मोडायला नवी वळणं घातली, लांबी 2.82 वरून 2.91 किलोमीटर झाली. पण कडेला घोड्यांची धाव, जागा वाढवणार कुठून? तौपोचा ट्रॅक आज एका खासगी मालकाचा आहे. काही वर्षं त्याला ब्रूसचंच नाव होतं. आणि आपल्याकडे? ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर बातम्यांत सुमारे 2000 कोटी रुपयांचा आकडा यायचा. फॉर्म्युला वन तिथं 2011 ते 2013 अशी तीनच वर्षं आली. बांधायला पैसा मिळतो, उद्घाटनाला मंत्री मिळतात. चालवायला आणि राखायला माणूस मिळणं कठीण. म्हणून शर्यतच भरवू नका, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण भरवायची असेल तर जाळीचा पैसा आधी बाजूला काढायचा आणि उरल्या पैशात बाकीचं करायचं. तो जमत नसेल तर फाटकाला कुलूप लावायचं, आणि अर्धवट नाही, पूर्ण लावायचं. ब्रूसच्या गोष्टीतून मी तरी एवढंच घेतलंय.

आप्पांनी हे सगळं तौपोहून परतताना गाडीत ऐकलं. मधे काही बोलले नाहीत. आमच्या गावच्या यात्रेच्या समितीत ते बरीच वर्षं आहेत. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली, तेव्हापासून घाटावर गर्दी दुप्पट झालीय. कडेचं बांबूचं कुंपण जुनंच आहे. वर्गणी जमते, पण ती मंडप, बक्षिसं आणि लाउडस्पीकरवर संपते. कुंपणाचा विषय दरवर्षी बैठकीच्या शेवटी निघतो आणि पुढच्या वर्षावर जातो.

हॅमिल्टनजवळ चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला फोन काढायला लावला. तौपोच्या जाळीचे मी काढलेले फोटो समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगितले. खांब किती अंतरावर होते, कठडा प्रेक्षकांपासून किती पुढे होता, हे फोटोखाली लिहायला लावलं. मला नेमकं आठवत नव्हतं. मग त्यांनीच अंदाजानं आकडे सांगितले. खांब त्यांनी तिथं उभ्या उभ्याच पावलांनी मोजून ठेवले होते.

ग्रुपवर तीन अंगठे आले आणि एकानं विचारलं, याचा खर्च किती येईल. यात्रा चैत्रात आहे. बैठक अजून व्हायचीय.